एक गाणे, चार आवाज

शाळा भरताना तुम्ही सर्वजण मिळून प्रार्थना म्हणता. इक्बाल यांची 'बच्चे की दुआ' तर तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. म्हणणारी मुले शंभर असली, तरी चाल एकच असते. कव्वालीतही मुख्य कव्वालाची ओळ त्याचे हमनवा त्याच चालीत उचलून धरतात. पाश्चात्त्य वृंदगानाची रीत मात्र निराळी आहे. तेथे चार गट एकाच वेळी चार वेगळे सूर लावतात आणि तरीही कानांना एकच गाणे ऐकू येते.

या गटांची नावे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस अशी आहेत. पहिले दोन स्त्रियांचे, एक उंच आवाजाचा व एक खालच्या. पुढचे दोन पुरुषांचे. बेस म्हणजे अगदी खर्जातला आवाज. पूर्वी चर्चमधील भक्तिगीते अशी गात असत. पुढे लोकांच्या आवडीची साधी गाणीही वृंद गाऊ लागले. पण ही गाणी मुळात एका गायकासाठी बांधलेली असतात. ती चार गटांत वाटायची, तर कोणीतरी नवी मांडणी लिहावी लागते. हे काम करणारा तो संगीत संयोजक.

त्याचे काम कसे चालते, ते एका गाण्यावरून पाहू. इंग्लंडच्या बीटल्स या चार तरुणांच्या संचाचे 'येस्टरडे' हे गाणे १९६५ साली निघाले. त्याची चाल पॉल मॅकार्टनी यांना झोपेत सुचली. ती आपण आधी कोठे ऐकलेली तर नाही ना, असे ते कित्येक दिवस ओळखीच्या लोकांना विचारत होते! ध्वनिमुद्रणात त्यांचा एकट्याचा आवाज आणि गिटार आहे. साथीला दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो आहे. बीटल्सपैकी बाकीचे तिघे त्यात नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, चार वाद्ये आणि चार गट, मग अडचण कसली? अडचण अशी की, व्हायोलिनला श्वास घ्यावा लागत नाही, माणसाला लागतो. शिवाय सगळे गट वाद्यांची जागा घेऊन बसले, तर चाल कोण गाणार? म्हणून संयोजक बहुधा चाल सोप्रानोंना देतो, पाया बेसला देतो आणि मधली जागा उरलेल्या दोन गटांकडून भरून घेतो. ते कधी शब्द म्हणतात, कधी ओठ मिटून नुसता सूर धरतात. मूळ गाण्यात ढोल असेल, तर त्याचा ठेका तोंडानेच धरतात. आपल्याकडे तबल्याचे बोल म्हणतात, तसेच हे. लांब सूर असला की सर्वांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकाने घेतला की शेजाऱ्याने सूर सांभाळायचा.

मधल्या गटांनी गाणे संपेपर्यंत नुसते 'ऊ' करायचे असेल, तर ते कंटाळतात आणि कंटाळलेला गायक सूर सोडतो. म्हणून जाणता संयोजक एखाद्या कडव्यात चाल आल्टो किंवा टेनर यांच्याकडे सोपवतो. १९६८ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात सुरू झालेल्या 'किंग्ज सिंगर्स' या सहा पुरुषांच्या संचाने बीटल्सची गाणी गायली आहेत. ती ऐकाल, तेव्हा चाल कोणाकडून कोणाकडे जाते, तिकडे लक्ष ठेवा.

मुलांच्या दृष्टीने मला या पद्धतीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या वयात मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज फुटतो. काल लागलेला सूर आज लागत नाही. अशा मुलाला पुष्कळदा 'तू नुसते ओठ हलव' असे सांगतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. मुले हसतात आणि तो मुलगा गाणेच सोडून देतो. सर्वांची चाल एकच असेल, तर शिक्षकही काय करणार? एका मुलासाठी सगळ्यांची पट्टी खाली आणता येत नाही. पण गट वेगळे असले, की त्याच्यासाठी चारपाच सुरांतच फिरणारी ओळ लिहिता येते. आवाज आणखी उतरला, तर ती पुन्हा बदलता येते.

भारतातही असे प्रयत्न झाले. संगीतकार सलील चौधरी यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत 'बॉम्बे यूथ क्वायर' उभा केला. अर्थात आपले प्रत्येक गाणे या साच्यात बसत नाही. रागातली मींड चार गटांत वाटली, तर तिची गोडी जाते. सरळ चालीची गाणी त्याला बरी. गाणे दुसऱ्याचे असेल, तर अशी मांडणी छापण्यापूर्वी हक्कदाराची परवानगी घ्यावी लागते.

वर्गात करून पाहायचे असेल, तर दोन गटांपासून सुरुवात करा. एका गटाने हार्मोनियमवरून 'सा' घेऊन तो धरून ठेवावा. दुसऱ्याने 'ग' लावून मग 'प' लावावा. आधी प्रत्येक गटाने आपला सूर वेगळा पक्का करावा. गाताना दुसऱ्याचा सूर ऐकावा, पण त्याच्यामागे जाऊ नये. वाद्याशिवाय गाणाऱ्यांचा सूर हळूहळू खाली उतरतो, म्हणून शेवटी पुन्हा हार्मोनियमचा तोच 'सा' दाबून पाहा. तुमचा 'सा' अजून तेथेच आहे का?