आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ आणि आजची उद्यानरचना

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीचा परिचय आपल्याकडे प्रामुख्याने वास्तुकला, लाकूडकाम, वस्त्रांवरील नक्षी आणि ग्रंथमुद्रण यांच्या संदर्भात करून दिला जातो. उद्यानरचनेवरील तिच्या प्रभावाची चर्चा त्या मानाने कमी होते. वस्तुतः हिरव्या कुंपणांनी विभागलेली बाग, बहुवर्षायू फुलझाडांचे लांब ताटवे, स्थानिक दगडाच्या पायवाटा आणि वेलींचे मांडव हे आज अनेक देशांत परिचित असलेले रूप बऱ्याच अंशी या चळवळीची देणगी आहे. प्रस्तुत लेखात या प्रभावाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचबरोबर, चळवळीचे दृश्य रूप जितके टिकले तितके तिचे मूळ तत्त्व, म्हणजेच हाताने काम करणाऱ्याच्या श्रमाची प्रतिष्ठा, टिकले काय, या प्रश्नाचाही विचार केला आहे.

वैचारिक पार्श्वभूमी

यंत्रोत्पादनामुळे वस्तू स्वस्त झाल्या, परंतु कारागिराचा त्याच्या कामातील आनंद आणि निर्णयस्वातंत्र्य नष्ट झाले, अशी जॉन रस्किनची भूमिका होती. १८५१ ते १८५३ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस' या ग्रंथात त्याने ती मांडली. विल्यम मॉरिस (१८३४-१८९६) याने हा विचार प्रत्यक्ष व्यवहारात आणला. त्याच्या विचारविश्वात भारतालाही स्थान होते. इंग्रजी राजवटीत भारतीय हस्तकलांचा जो ऱ्हास होत होता, त्याबद्दल त्याने १८७९ मधील व्याख्यानात तीव्र खेद व्यक्त केला होता.

फिलिप वेब याने मॉरिससाठी बांधलेल्या 'रेड हाउस'मध्ये (१८५९-६०) घर आणि बाग यांचा एकत्रित विचार झाला होता. त्या काळी काचगृहात वाढविलेली हंगामी रोपे गालिचाच्या नक्षीप्रमाणे जमिनीत मांडण्याची पद्धत रूढ होती. फुले जणू कारखान्यातील एकसारखा माल असावीत, असा हा प्रकार मॉरिसला अमान्य होता. बाग बंदिस्त असावी, तिचे घराशी नाते असावे आणि तिने रानाची नक्कल करू नये, असे त्याचे मत होते.

वास्तुविशारद आणि माळी यांच्यातील वाद

उद्यानाच्या क्षेत्रात या विचाराला दोन वेगळ्या दिशा मिळाल्या. मूळचा आयर्लंडमधील माळी असलेला विल्यम रॉबिन्सन याने 'द वाइल्ड गार्डन' (१८७०) आणि 'द इंग्लिश फ्लॉवर गार्डन' (१८८३) या ग्रंथांतून काटक व बहुवर्षायू वनस्पती त्यांना मानवेल अशा जागी लावून नैसर्गिकपणे वाढू द्याव्यात, असा आग्रह धरला. याउलट, वास्तुविशारद रेजिनाल्ड ब्लोमफील्ड याने 'द फॉर्मल गार्डन इन इंग्लंड' (१८९२) या ग्रंथात बाग ही घराचाच विस्तार असल्याने तिची आखणी वास्तुविशारदाने करावी, असे प्रतिपादन केले. बाग मुळात कोणाची, आखणाऱ्याची की वाढविणाऱ्याची, हा या वादाचा गाभा होता.

समन्वय : जेकिल आणि लुटियन्स

या वादावरील उत्तर सिद्धान्तापेक्षा प्रत्यक्ष कामातून मिळाले. गर्ट्रूड जेकिल (१८४३-१९३२) हिने चित्रकलेचे शिक्षण घेतले होते, तसेच भरतकाम व धातुकामातही ती निपुण होती. दृष्टी क्षीण होत गेल्यावर तिने उद्यानाकडे अधिक लक्ष वळविले. १८८९ मध्ये तिची तरुण वास्तुविशारद एडविन लुटियन्स (१८६९-१९४४) याच्याशी भेट झाली. पुढे दोघांनी अनेक उद्याने संयुक्तपणे साकारली. त्यांत भिंती, पायऱ्या व पाण्याचे पाट यांची शिस्तबद्ध आखणी लुटियन्सची, तर लागवडीतील मोकळेपणा जेकिलचा असे.

सरे परगण्यातील 'मन्स्टेड वूड' या स्वतःच्या बागेत जेकिलने सुमारे २०० फूट लांब व १४ फूट रुंद ताटवा तयार केला. त्याच्या दोन्ही टोकांना करडे, निळे व फिकट रंग, मधल्या भागाकडे पिवळा आणि नारिंगी, तर मध्यभागी गडद लाल अशी रंगांची चढती-उतरती योजना होती. सॉमरसेटमधील 'हेस्टरकोम्ब' (१९०४-१९०८) येथे घरामागील खाणीतून काढलेला दगड वापरण्यात आला. ही बाग पुढे मोडकळीस आली. तथापि, जेकिलचे लागवडीचे मूळ आराखडे बागेतील माळीकामाच्या खोलीत सापडल्याने १९७३ पासून तिचे पुनरुज्जीवन शक्य झाले.

आजच्या उद्यानरचनेवरील प्रभाव

आजच्या उद्यानरचनेत हा प्रभाव प्रामुख्याने तीन अंगांनी दिसतो.

पहिले अंग म्हणजे दालनांची कल्पना. लॉरेन्स जॉन्स्टनचे 'हिडकोट' (१९०७ पासून) आणि व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट व हॅरोल्ड निकोल्सन यांचे 'सिसिंगहर्स्ट' (१९३० पासून) यांनी हिरव्या भिंतींची 'खोल्यांची बाग' लोकप्रिय केली. लहान जागेतही एकेक भाग क्रमाने उलगडत नेण्याचे हे तंत्र शहरी घरांच्या बागांनाही उपयुक्त ठरते.

दुसरे अंग स्थानिक साहित्याचे आहे. दगड, वीट व लाकूड परिसरातलेच असावे, हे तत्त्व सौंदर्यदृष्टीतून आले होते. आज वाहतुकीचा खर्च आणि पर्यावरण यांच्या विचारातून त्याला नवे समर्थन मिळाले आहे. दिल्लीतील राष्ट्रपती भवनाच्या उद्यानाचा येथे उल्लेख करणे उचित ठरेल. लुटियन्सने तेथे लाल व पिवळसर वालुकाश्म वापरून मुघल चारबागेच्या पाटांची भौमितिक मांडणी केली, तर विल्यम मस्टो याने फुलझाडांची लागवड सांभाळली. जानेवारी २०२३ मध्ये 'अमृत उद्यान' असे नामकरण झालेली ही बाग म्हणजे त्याच समन्वयाचे वेगळ्या भूमीतील रूप होय.

तिसरे अंग निसर्गानुसारी लागवडीचे आहे. न्यूयॉर्कमधील 'हाय लाइन' उद्यानात (पहिला टप्पा २००९) डच रचनाकार पीट औडोल्फ याने केलेली गवते व बहुवर्षायू वनस्पतींची लागवड ही रॉबिन्सनच्या थेट परंपरेतील नव्हे. परंतु वनस्पतीचा स्वभाव आणि तिचे संपूर्ण जीवनचक्र यांना मान देण्याची दृष्टी दोघांत समान आहे.

श्रमाचा प्रश्न

येथे या चळवळीतील अंतर्विरोध लक्षात घ्यावा लागतो. श्रमाच्या प्रतिष्ठेतून जन्मलेल्या या बागा प्रत्यक्षात श्रीमंतांच्या होत्या. त्या राखण्यासाठी अनेक माळी लागत, आणि त्यांची नावे क्वचितच नोंदली गेली. पहिल्या महायुद्धानंतर मनुष्यबळ दुर्मीळ व महाग झाले, तेव्हा यांपैकी कित्येक बागा लयाला गेल्या. आराखडा कागदावर टिकतो, परंतु बाग रोजच्या हातांवर टिकते, हाच त्यातून मिळणारा धडा आहे. सिसिंगहर्स्टच्या उत्तरकाळातील लौकिकात १९५९ ते १९९० दरम्यान मुख्य माळी असलेल्या पामेला श्वर्ट आणि सिबिल क्रॉइट्सबर्गर यांचा वाटा मोठा होता. तरीही सामान्य वाचकास ठाऊक असते ते मालकिणीचेच नाव.

या दृष्टीने ससेक्समधील 'ग्रेट डिक्स्टर'चे उदाहरण बोलके आहे. लुटियन्सने १९१० नंतर आखलेल्या या बागेत ख्रिस्तोफर लॉइडने (१९२१-२००६) १९९३ मध्ये जुना गुलाबांचा विभाग काढून तेथे उष्णदेशीय वनस्पती लावल्या. आखणी कायम ठेवून लागवडीत प्रयोग करण्याचे हे स्वातंत्र्य चळवळीच्या मूळ भावनेशी सुसंगतच होते. आज तेथे तरुण माळ्यांना प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण दिले जाते. म्हणजेच, येथे जतन केली जाते ती केवळ बाग नसून बागकामाचे कौशल्यही आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीचा आजच्या उद्यानरचनेवरील प्रभाव दुहेरी आहे. दालने, ताटवे व रंगयोजना हा तिचा दृश्य वारसा सहज अनुकरणीय असल्याने सर्वत्र पसरला. कारागिराच्या कौशल्याचा सन्मान हा तिचा वैचारिक वारसा मात्र मोजक्या ठिकाणीच जपला गेला. उद्यानाचे मूल्यमापन करताना त्याची आखणी कोणी केली, याबरोबरच ते रोज कोण जोपासते, त्याला कोणते शिक्षण, वेतन व निर्णयाधिकार मिळतात, हेही विचारले जाणे आवश्यक आहे. या प्रश्नाविना केलेले अनुकरण ही केवळ शैलीची उसनवारी ठरेल.