आण्णांची पुडी आणि भावाचं व्हेप

आजचा भाग माझ्या घरातलाच आहे.

मी श्रीपूरची. इथं गाळप हंगामात उसाच्या गाड्यांचा आवाज आणि मळीचा वास रोजचाच. पण त्या रात्री माझ्या दहावीतल्या भावाच्या खोलीतून स्ट्रॉबेरीचा वास आला. दप्तरात पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं. व्हेप!

"ताई, नुसती वाफ आहे गं ती," तो म्हणाला.

आधी हेच समजून घेऊ. ती पाण्याची वाफ नसते. आतली बॅटरी तारेचं वेटोळं तापवते आणि द्रवाचं बारीक धुकं होतं. त्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, म्हणून कोवळ्या वयात सवय पटकन लागते. २०१९ च्या कायद्यानं भारतात ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं आणि तिची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे हातात येतो तो चोरटा माल. आत काय भरलंय, कोण तपासणार?

आण्णांना कळलं तेव्हा त्यांनी हात उगारला. भाऊ एवढंच म्हणाला, "तुमच्या खिशात काय आहे मग?"

खिशात तंबाखूची पुडी होती आणि चुन्याची डबी. हात खाली आला. त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

खरं सांगू? दोघांचं व्यसन एकच, निकोटीनचं. ते बंद केलं की पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरच्यांना वाटतं, पोरगं उलट बोलायला लागलं. मग ओरडा बसतो, पोरगं लपवायला लागतं आणि मदत मागायची वाटच बंद होते.

दोन दिवसांनी आण्णांनी भावाला जवळ बसवलं. त्यांच्याच पुडीवर छापलेला मोफत नंबर त्याला वाचायला लावला: १८००-११-२३५६. तंबाखू सोडणाऱ्यांना तिथं समुपदेशक मदत करतात. आधी आण्णाच बोलले, मग भाऊ.

दोघांचं पूर्ण सुटलंय असं नाही. आण्णा एकदा घसरले, भाऊही. पण आता दोघं ते एकमेकांना सांगतात.

तुमच्या घरात असं काही असेल, तर आधी शांतपणे विचारा, "कधीपासून?" ओरडायला आयुष्य पडलंय. भेटू पुढच्या भागात!