एकाच लॅपटॉपमध्ये दोन कॉम्प्युटर, आणि त्यांच्यामधली तार

"सर, कल तक नेट चल रहा था. मैंने एक ऑप्शन लिखा और बंद हो गया."

आमच्याकडे दहावीपर्यंत शिकलेला, आता डिप्लोमाला असलेला एक मुलगा सुट्टीत राळेगावला आला होता. असरनंतर तो लॅपटॉप बगलेत घेऊन घरी आला. लॅपटॉप जुना, अब्बांनी कापसाचे पैसे आल्यावर सेकंडहँड घेऊन दिलेला. मुलाला नेटवर्किंग शिकायचं आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर तिघं-चौघं बसतात, हात लावायला मिळत नाही. घरी राउटर-स्विच मांडून सराव करावा एवढी ऐपत कोणाची? म्हणून त्याने व्हर्च्युअल मशीनचा रस्ता धरला होता, आणि पहिल्याच आठवड्यात "हे आपल्याच्यानं होणार नाही" म्हणायला लागला होता.

पालकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. व्हर्च्युअल मशीन म्हणजे लॅपटॉपच्या आत प्रोग्रामने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याची हार्ड डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक फाइल. त्यात काही बिघडवलं तर ती फाइल खराब होते, घरचा लॅपटॉप तसाच राहतो. शिकणाऱ्या मुलासाठी याहून स्वस्त लॅब नाही. लिनक्सवर हे काम करणारा एक जुना आणि फुकट प्रोग्राम म्हणजे क्यूईएमयू. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी तो २००३ मध्ये सुरू केला, आणि आज मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हरही त्यावर चालतात. अडचण एवढीच, की तो कमांड लिहून चालवावा लागतो, आणि नेटवर्कच्या ऑप्शनपाशी नवखा माणूस हमखास अडखळतो.

हे ऑप्शन स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत लिहायचे असतात. इथे आम्ही त्यांचे उच्चार देत आहोत.

आमच्या मुलाचं काय झालं ते आता कळेल. क्यूईएमयूला नेटवर्कबद्दल काहीच सांगितलं नाही, तर साध्या पीसीसाठी तो आपणहून एक कार्ड आणि एक जोडणी देतो. म्हणून "कल तक" नेट चालत होतं. मग त्याने कुठेतरी वाचून कमांडमध्ये एवढंच जोडलं:

-नेटडेव्ह युजर,आयडी=एन१

आणि नेट गेलं. कारण नेटवर्कचा एकही ऑप्शन तुम्ही लिहिला, की क्यूईएमयू आपली तयार व्यवस्था काढून घेतो. आता सगळं तुम्ही सांगायचं. यात त्याने अर्धंच सांगितलं होतं. घरातल्या पंख्याचा विचार करा. भिंतीत सॉकेट लागतं आणि पंख्याला प्लग लागतो. 'नेटडेव्ह' हे भिंतीतलं सॉकेट, म्हणजे खऱ्या लॅपटॉपकडची बाजू. आतल्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड म्हणजे प्लग, आणि ते वेगळ्या ऑप्शनने द्यावं लागतं:

-डिव्हाइस व्हर्टिओ-नेट-पीसीआय,नेटडेव्ह=एन१

दोन्हीकडचं 'एन१' तंतोतंत जुळलं पाहिजे. एकीकडे एक आकडा आणि दुसरीकडे तसंच दिसणारं इंग्रजी 'एल' पडलं तरी मशीन सुरूच होत नाही. आणि कार्ड द्यायचंच राहिलं, तर 'या जोडणीला जोडीदार नाही' अशी एक ओळ येते आणि मशीन मुकाट सुरू होतं. ती ओळ कोण वाचतो? त्यानेही वाचली नव्हती. आम्हीही दुसऱ्यांदा बघताना वाचली.

ही दोन तुकड्यांची पद्धत २००९ च्या अखेरीस ०.१२ आवृत्तीत आली. त्याआधीची पद्धत लिहायला सोपी होती: '-नेट निक -नेट युजर', बस. पण आत ती सगळ्यांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावायची. एकावर आलेलं पॅकेट बोर्डावरच्या प्रत्येकाकडे जायचं. दोन कार्डं आणि दोन जोडण्या दिल्या आणि नंबर सांगायला विसरलात, तर चौघंही एकात एक गुंतायचे. वेगही कमी पडायचा. त्यात या बोर्डाला नाव दिलं होतं 'व्हीलॅन'. खऱ्या नेटवर्कमध्ये व्हीलॅन म्हणजे वेगळीच गोष्ट, तिचा याच्याशी काही संबंध नाही. नाव ठेवण्यातली अशी चूक किती मुलांचे तास खाते, हे शिक्षकाला विचारा.

म्हणजे जुनी पद्धत लिहायला सोपी पण आतून गुंतागुंतीची, आणि नवी आतून स्वच्छ पण लिहायला अवघड. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या २.१२ आवृत्तीत थॉमस हुथ या डेव्हलपरने यावर तोड काढली. सॉकेट आणि प्लग एकाच ऑप्शनमध्ये आणले:

-निक युजर,मॉडेल=व्हर्टिओ-नेट-पीसीआय

दोन्ही बाजू एका ओळीत, थेट एकमेकांना जोडलेल्या, मध्ये बोर्ड नाही. 'एन१' हे नाव द्यायचीच गरज उरली नाही, मग चुकायचं कुठे? कार्डाची कोणती मॉडेल मिळतात ते '-निक मॉडेल=हेल्प' लिहिलं की दिसतं. नेट नकोच असेल तर '-निक नन'. घरात लहान मुलं हे चालवणार असतील तर पालकांनी हा शेवटचा ऑप्शन लक्षात ठेवावा. आणखी एक फायदा आहे. काही छोट्या बोर्डांमध्ये नेटवर्क कार्ड आधीच पक्कं बसवलेलं असतं. तिथे 'डिव्हाइस' ऑप्शन लागू पडत नाही, म्हणून लोक नाइलाजाने जुनं 'नेट' वापरत होते. 'निक' तिथेही चालतो.

मुलाने ही ओळ लिहिली, मशीन उठलं, वेबसाइट उघडली. चेहरा खुलला. मग त्याने पिंग करून बघितलं आणि पुन्हा उतरला, कारण बाहेरच्या पत्त्याकडून उत्तर नाही. इथे घाबरू नका. 'युजर' प्रकारात क्यूईएमयू आतल्या मशीनच्या वतीने साध्या प्रोग्रामसारखं बाहेर बोलतो, आणि पिंगची परवानगी साध्या प्रोग्रामला प्रत्येक लॅपटॉपवर नसते. आतल्या मशीनला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि त्याच्या दृष्टीने दरवाजा १०.०.२.२ वर असतो. त्या दरवाज्याला पिंग करून बघा, उत्तर येतं.

दुसऱ्या दिवशी खरं काम होतं: दोन मशीन एकमेकांशी बोलती करायची. पहिल्याला '-निक सॉकेट,लिसन=:१२३४', दुसऱ्याला '-निक सॉकेट,कनेक्ट=१२७.०.०.१:१२३४'. इथे पत्ता वाटणारा कोणी नसतो, म्हणून दोन्हीकडे आयपी हाताने द्यावे लागतात. ते दिले, तरी बोलणं होईना. एक तास गेला. चहा झाला, मगरिब झाली. शेवटी दोन्ही मशीनच्या कार्डाचा मॅक पत्ता शेजारी-शेजारी कागदावर लिहिला. दोन्ही एकच: ५२:५४:००:१२:३४:५६. क्यूईएमयू प्रत्येक मशीनच्या पहिल्या कार्डाला, तुम्ही वेगळा सांगितला नाही तर, हाच पत्ता देतो. एका गल्लीत दोन घरांना एकच घर नंबर असेल तर पोस्टमनने पत्र कुठे टाकायचं? दुसऱ्या मशीनच्या 'निक'मध्ये 'मॅक=' लिहून शेवटचा आकडा ५७ केला आणि दोघं बोलू लागले.

आमच्या मते मुलांना 'निक'पासूनच सुरू करू द्यावं. त्यात लपवाछपवी नाही, दोन्ही बाजू तशाच आहेत, फक्त जुळवणीचं काम कमी झालं. कार्डाच्या एखाद्या बारीक सेटिंगला हात घालायची वेळ आली की 'नेटडेव्ह' आणि 'डिव्हाइस' लागतातच, तेव्हा ते शिकता येतील. जुन्या '-नेट'ची उदाहरणं मात्र अजून जागोजागी सापडतात. ती उतरवून घेऊ नका. आणि मशीन सुरू होताना स्क्रीनवर येणारी प्रत्येक ओळ वाचायला लावा, इंग्रजी अवघड वाटलं तरी.

लॅपटॉपची रॅम आठ जीबी आहे. आता त्याला तिसरं मशीन मध्ये बसवून त्याचा राउटर करायचा आहे. त्या मशीनला दोन 'निक' लागतील, आणि दोन्हींना वेगवेगळे मॅक पत्ते हाताने द्यायचे हे त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.