सीआरपीचा आकडा आणि त्याचे बिल



मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारा माणूस आहे. तरीही एका रक्ततपासणीवर लिहिण्याचे धाडस करीत आहे. कारण गेल्या वर्षी एका आकड्याने आमच्या घराला चांगलेच फसविले, आणि आकडे वाचणे हे तर माझे रोजचे काम!

आईला ताप व खोकला होता. डॉक्टरांनी सीआरपी तपासायला सांगितले. आकडा आला ४८. औषध सुरू झाले. चार दिवसांनी पुन्हा तपासायचे होते. पण नेहमीची लॅब बंद असल्याने दुसरीकडे गेलो. तेथील आकडा ५.१. घरात आनंदीआनंद झाला. आई तर गोळ्या बंद करण्याच्या गोष्टी बोलू लागली. डॉक्टरांनी मात्र रिपोर्टवर आकड्यापुढील बारीक अक्षरांवर बोट ठेवले. पहिल्या लॅबने एका लिटरमागे किती मिलिग्रॅम हे लिहिले होते, दुसरीने एका डेसिलिटरमागे. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. तेव्हा तो आकडा पहिल्या हिशेबाने ५१ होता! दाह तसूभरही उतरला नव्हता. छातीचा एक्स-रे काढला तर न्यूमोनिया निघाला, आणि त्याच दिवशी आईला दाखल करावे लागले.

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. न्यूमोनियाच्या जंतूतील 'सी' नावाच्या पदार्थाशी ते संयोग पावते, म्हणून हे नाव. शरीरात कोठेही जंतुसंसर्ग, जखम किंवा दाह झाला की यकृत हे प्रथिन तयार करू लागते. काही तासांत ते वाढते, दोन दिवसांच्या सुमारास सर्वात वर जाते आणि कारण दूर झाले की साधारण १९ तासांत निम्मे होते. म्हणूनच औषध लागू पडते आहे की नाही, हे पाहण्यास ते उपयोगी. लिटरमागे ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या आत ते असावे, असे बहुतेक लॅब छापतात.

पण हे प्रथिन रोगाचे नाव सांगत नाही. भगवान बुद्धांनी दुःख आहे हे एक आर्यसत्य आणि दुःखाला कारण आहे हे दुसरे, अशी दोन्ही वेगळी सांगितली. सीआरपीची धाव पहिल्यापुरतीच आहे. न्यूमोनिया, संधिवात, शस्त्रक्रिया, सर्वांत ते वाढते. लठ्ठपणात आणि धूम्रपानानेही थोडे वर राहते.

जुनी तपासणी ईएसआर. उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, ते यात पाहतात. हा आकडा सावकाश चढतो, सावकाश उतरतो. रक्तक्षय, गरोदरपण आणि वाढते वय यांनीही वाढतो. येथे एक गोष्ट विदर्भातील बांधवांनी विशेष ध्यानात ठेवावी. तेथे आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. कोयत्यासारख्या वाकड्या पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटत नाहीत, म्हणून लवकर खाली बसत नाहीत. अशा रुग्णाचा ईएसआर कमी आला म्हणून दाह नाही, असे समजता येत नाही. क्षयाचेही तसेच. ईएसआर वाढला म्हणजे टीबी, हा समज अजून गेलेला नाही. टीबीचे निदान थुंकीच्या तपासणीने होते, आणि ती सरकारी केंद्रात मोफत असते.

आता बिलाकडे वळतो. दुसऱ्या लॅबने आमच्याकडून 'पॅनेल'चे पैसे घेतले होते. त्यात सीआरपी, एचएस-सीआरपी आणि ईएसआर अशा तीन ओळी. एचएस-सीआरपी म्हणजे तेच प्रथिन, फक्त अधिक सूक्ष्म मोजमापाने. धडधाकट माणसाला पुढे हृदयविकाराचा धोका किती, याचा अंदाज घेण्यासाठी ती आहे. १ च्या आत कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आकडा १० च्या वर गेला तर संसर्ग वगैरे बरा झाल्यावर पुन्हा करावी लागते. तापाने फणफणलेल्या माणसाची ही तपासणी करून काय साधते? एकाच प्रथिनाचे दोनदा पैसे!

आईच्या विम्याचा क्लेम भरताना हे उघड झाले. दाखल होण्यापूर्वीच्या ठराविक दिवसांतील, बहुतेक पॉलिसींत ३० दिवसांतील, त्याच आजाराच्या तपासण्यांचा खर्च मिळतो. केवळ तपासण्यांसाठी दाखल झाल्यास मात्र मिळत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तपासणीचे नाव, रुग्णाच्या नावाचे क्रमांकासह बिल, पैसे भरल्याची पावती आणि रिपोर्ट, एवढे कागद जुळावे लागतात. आमच्या चिठ्ठीत फक्त सीआरपी होते. एचएस-सीआरपी आणि ईएसआरची रक्कम कापली गेली. पहिल्या लॅबची पावती तर आईऐवजी माझ्या नावाने फाडलेली निघाली. ती बदलून घेण्यास दोन खेपा आणि अर्धी रजा गेली.

आई आता बरी आहे. तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी सर्व सीआरपी लिटरच्या हिशेबात, तारखेनिशी, एकाखाली एक मांडून ठेवले आहेत. डॉक्टर आता आधी तेच पान उघडतात.