सहा खुनी, एक जेलर आणि मद्रासचा एमजीआर

वाळवंटात सापडलेल्या तान्ह्या बाळासाठी जिवावर उदार होणारे तीन दरोडेखोर! जॉन फोर्डचा १९४८ सालचा ‘थ्री गॉडफादर्स’ पाहिलेल्यांना ते नक्की आठवत असतील. ती झाली हॉलिवूडची गोष्ट. पण गुन्हेगाराला माणसात आणण्याचा खराखुरा प्रयोग आपल्या आटपाडीजवळ झाला होता, हे ठाऊक आहे का?

औंध संस्थानात १९३९ साली स्वतंत्रपूर येथे भिंती नसलेला तुरुंग उभा राहिला. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची. कैदी तिथे शेती करून राहू लागले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. पुढच्याच वर्षी बर्लिन महोत्सवात तो गौरवला गेला.

ही कथा मग दक्षिणेत पोचली. १९७५ मध्ये मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या चित्रसृष्टीत के. शंकर यांनी तिच्यावरून ‘पल्लांडु वाळ्ग’ हा तमिळ चित्रपट केला. जेलर झाले एम. जी. रामचंद्रन आणि सहा कैद्यांत होते एम. एन. नंबियार! गंमत पाहा, वर्षानुवर्षे एमजीआरच्या हातून मार खाणाऱ्या या खलनायकाला प्रेक्षकांनी इथे सुधारताना पाहिले.

शांतारामांच्या चित्रपटात कैदी एकदा पळतात, पण जेलरचे डोळे आठवून परततात. त्यांना बेडी नव्हे, विश्वास परत आणतो. घरातल्या चुकलेल्या माणसावर असा विश्वास आपण टाकतो का?