ऑनलाइन खरेदीच्या कार्टमधील माहितीचे अद्ययावतीकरण : यवतमाळ जिल्ह्यातील ग्राहकाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

ऑनलाइन दुकानात ग्राहकाला मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी कार्ट ही मूळ नोंद नसून दुकानाच्या सर्व्हरवरील नोंदीची प्रत असते. मूळ नोंद बदलल्यावर ही प्रत ताजी झाली नाही, तर दिसणारी रक्कम व आकारली जाणारी रक्कम यांत तफावत पडते. ही प्रत शिळी का होते, ती ताजी ठेवण्याच्या पद्धती कोणत्या आणि ग्रामीण ग्राहकाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : कार्ट, सर्व्हर, ब्राउझर, अद्ययावतीकरण, ग्राहकहित

१. प्रास्ताविक

यवतमाळ हा १६ तालुक्यांचा, प्रामुख्याने कापूस, सोयाबीन व तूर यांवर उभा असलेला जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ असून तीन चतुर्थांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. स्वस्त स्मार्टफोन आणि २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय व्यवस्था यांमुळे ऑनलाइन खरेदी खेड्यापर्यंत पोहोचली. तथापि बहुतेक संकेतस्थळांची रचना अखंड नेटवर्क व स्वतंत्र फोन असलेला ग्राहक गृहीत धरून केली जाते. घरातील एकच खाते दोघांनी वापरणे, डोंगराळ किंवा जंगलव्याप्त भागात संपर्क मध्येच तुटणे, आज कार्टमध्ये ठेवलेली वस्तू हाती पैसा आल्यावर आठवड्याने घेणे, या गोष्टी ग्रामीण भागात अपवादात्मक नाहीत. नेमक्या अशाच परिस्थितीत कार्टची प्रत शिळी होण्याचा संभव वाढतो.

२. मूळ नोंद व प्रत

ज्या एचटीटीपी नियमावलीवर वेब चालते, तिला स्मरण नसते. प्रत्येक विनंती तिच्या दृष्टीने पहिलीच असते. त्यामुळे ग्राहकाने यापूर्वी काय निवडले हे लक्षात ठेवण्याची वेगळी सोय करावी लागली. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी ‘कुकी’ हे तंत्र विकसित केले, त्यामागे ऑनलाइन दुकानाच्या कार्टचीच गरज होती. आज सामान्यतः कुकीमध्ये केवळ ग्राहकाची ओळखखूण असते, वस्तूंची नोंद सर्व्हरवरील माहितीकोशात राहते आणि ब्राउझर तिची प्रत दाखवितो.

हा भेद बाजार समितीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर सकाळी लिहिलेला भाव ही माहिती असते. शेतकऱ्याला पैसे मात्र प्रत्यक्ष लिलावात ठरलेल्या भावाने, वजनानुसार मिळतात. फलक पुसून नवा भाव लिहिला नाही, तर दोष लिलावाचा नसतो, पण गैरसमज शेतकऱ्याचा होतो. कार्टचा पडदा हा असाच एक फलक आहे.

३. प्रत शिळी होण्याची कारणे

यामागे प्रामुख्याने चार कारणे संभवतात.

(अ) ग्राहकाने नगसंख्या बदलली, परंतु पडद्याचा एकच भाग बदलला. नग तीन दिसतात, एकूण रक्कम मात्र दोन नगांचीच राहते.
(आ) त्याच खात्यातून दुसऱ्या फोनवर किंवा ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये बदल झाला.
(इ) ग्राहकाने काहीच केले नाही, पण दुकानाकडील साठा, किंमत वा कर बदलला.
(ई) ग्राहक ‘मागे’ या बटणाने परतला आणि ब्राउझरने साठवून ठेवलेले जुनेच पान दाखविले.

यांपैकी तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. दि. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा ठिबक सिंचन संचावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा, कापूस उत्पादक शेतकऱ्याने करपूर्व १०,००० रुपयांचा संच २१ सप्टेंबरच्या रात्री कार्टमध्ये ठेवला. पडद्यावर ११,२०० रुपये दिसले. दुसऱ्या दिवशी मागणी नोंदविताना योग्य रक्कम १०,५०० रुपये होते. पान ताजे झाले नसेल, तर ७०० रुपये कमी झाल्याचे त्याला कळतच नाही आणि तो खरेदी पुढे ढकलू शकतो. दर वाढला असता, तर याच त्रुटीने त्याच्या पदरी अनपेक्षित भुर्दंड आला असता.

४. अद्ययावतीकरणाच्या पद्धती

पहिली पद्धत संपूर्ण पान नव्याने आणण्याची. प्रत्येक बदलानंतर सर्व्हर नवे पान तयार करून पाठवितो. यात पडद्याचे निरनिराळे भाग एकमेकांशी विसंगत राहत नाहीत. मात्र मंद नेटवर्कवर वेळ व डेटा खर्च होतो.

दुसरी पद्धत पानाचा केवळ आवश्यक भाग बदलण्याची. त्यासाठी लागणारी सोय मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये १९९९ साली आली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. येथे एक पथ्य पाळावे लागते. नवी बेरीज ब्राउझरने स्वतः करू नये. सर्व्हरने उत्तरादाखल संपूर्ण कार्ट, म्हणजे नग, किंमत, कर, सवलत व एकूण रक्कम पाठवावी आणि पडद्यावरील सर्व आकडे त्या एकाच उत्तरावरून भरावेत.

तिसरी पद्धत आशावादी बदलाची. उत्तराची वाट न पाहता पडद्यावर बदल दाखविला जातो आणि सर्व्हरने नकार दिल्यास तो मागे घेतला जातो. ही पद्धत जलद वाटते. परंतु रकमेबाबत ती वापरताना ‘नोंद होत आहे’ अशी सूचना दिसलीच पाहिजे.

दोन फोनांमधील संघर्षासाठी कार्टला आवृत्ती क्रमांक देतात. एचटीटीपी १.१ या मानकातील ‘ईटॅग’ ही खूण याच कामाची आहे. ब्राउझर बदलासोबत आपल्याकडील खूण पाठवितो. ती जुनी असल्यास सर्व्हर ४१२ या संकेतांकाने बदल नाकारतो. ब्राउझरने मग ताजी कार्ट आणून ग्राहकाला दाखवावी.

५. तुटक नेटवर्कचा प्रश्न

संपर्क तुटल्यावर विनंती पोहोचली नाही की केवळ उत्तर परतले नाही, हे ब्राउझरला कळत नाही. म्हणून तो विनंती पुन्हा पाठवितो. विनंती ‘आणखी एक नग वाढवा’ अशी असेल, तर दोन नग वाढू शकतात. ती ‘नगसंख्या तीन करा’ अशी असेल, तर कितीदाही पाठविली तरी संख्या तीनच राहते. पैसे भरण्याच्या विनंतीस एकमेव क्रमांक देऊन तो क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास सर्व्हरने पहिलेच उत्तर परत द्यावे, म्हणजे रक्कम दोनदा कापली जात नाही.

ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये ‘डायनॅमो’ या माहितीसाठा प्रणालीविषयी प्रसिद्ध केलेला शोधनिबंध या संदर्भात उद्बोधक आहे. कार्टमध्ये वस्तू घालण्याची विनंती कधीही नाकारू नये, हे त्यांचे धोरण होते. त्यासाठी एकाच कार्टच्या भिन्न आवृत्त्या एकत्र केल्या जात. परिणामी काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा दिसे. महाकाय दुकानाने जाणीवपूर्वक पत्करलेली ही तडजोड होय. तूरडाळ किंवा मसाले विकणाऱ्या महिला बचत गटाच्या लहान संकेतस्थळाला एकच माहितीकोश पुरेसा असतो. त्याने ही तडजोड स्वीकारण्याचे कारण नाही.

६. ग्राहकहिताची बाजू

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तूची एकूण किंमत तपशिलासह दाखविणे आणि खरेदीसाठी ग्राहकाची स्पष्ट संमती घेणे बंधनकारक आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ज्या १३ फसव्या रचनांचा निषेध आहे, त्यांत ग्राहकाच्या नकळत कार्टमध्ये वस्तू घालणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे यांचा समावेश होतो. शिळी प्रत हा हेतुपुरस्सर केलेला प्रकार नसतो. परंतु काढलेली वस्तू बिलात आलेली पाहणाऱ्या ग्राहकाला हेतू दिसत नाही, केवळ बिल दिसते. पहिल्याच खरेदीत असा अनुभव आलेला ग्राहक सहसा परत येत नाही, आणि याची झळ लहान विक्रेत्यास अधिक बसते.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, सर्व्हरवरील नोंद हीच प्रमाण मानावी आणि प्रत्येक बदलानंतर पडदा तिच्यावरून भरावा. दोन, पान पुन्हा उघडताच किंवा ग्राहक दुसऱ्या टॅबमधून परतताच कार्ट नव्याने मागवावी. तीन, पैसे घेण्यापूर्वी किंमत, साठा व कर यांची अखेरची पडताळणी करावी आणि काही बदलले असल्यास ‘किंमत इतकी होती, आता इतकी आहे’ असे मराठीत, ठळकपणे सांगून पुन्हा संमती घ्यावी. यांतील तिसरे पथ्य पाळणे सर्वांत अल्प खर्चाचे आहे. आणि पहिली दोन कधी निसटली, तरी ग्राहकाचे नुकसान त्यानेच टळते.