लाकडी आरमार आणि खरे आंकडे

समुद्र आमच्या गांवापासून फार दूर आहे. हिवरा आश्रम हें बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतलें गांव. येथील पुष्कळ मुलांनीं पाहिलेलें मोठें पाणी म्हणजे पावसाळ्यांत फुगलेली पैनगंगा, आणि खारें पाणी म्हणजे लोणारचें सरोवर. अशा मुलुखांतल्या शाळेच्या वार्षिकांत लढाऊ जहाजांविषयीं लेख यावा याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या जिजाबाईंच्या पुत्रानें मराठी आरमाराचा पाया घातला, त्यांचें जन्मस्थान सिंदखेडराजा याच जिल्ह्यांत आहे. तेव्हां आरमाराशीं आमचें कांहींच नातें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं ज्वारीच्या धांड्यांचीं व लाकडाच्या ढलप्यांचीं बोटभर लांबीचीं जहाजें केलीं, आणि फरशीवर खडूनें किनारा आंखून मराठे व इंग्रज यांची लढाई मांडली. पहिल्या दिवशीं खेळ दहा मिनिटेंहि टिकला नाहीं. कोणाचें जहाज अधिक वेगवान, कोणाच्या तोफा अधिक मोठ्या, यावरून असा कलह माजला कीं, जहाजें राहिलीं बाजूस व खेळाडूच लढूं लागले. शेवटीं सर्वजण न्याय मागावयास आमच्याकडे आले. आम्हीं म्हटलें, "हा वाद आवाजानें मिटणार नाहीं. कोणतें जहाज कसें होतें याचे आंकडे जमवा, मग खेळा." त्या कामांत आमचे चार महिने गेले. तें कसें केलें व त्यांत काय शिकलों, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, असला खेळ म्हणजे केवळ पोरखेळ नव्हे. स्कॉटलंडांत जॉन क्लार्क नांवाचा एक व्यापारी होता. तो खलाशी नव्हता. पण मेजावर लहान लहान जहाजें मांडून तो आरमारी लढायांचा अभ्यास करी. त्यावरून त्यानें लिहिलेला निबंध १७८२ सालीं प्रथम छापला गेला, व तो पुढें आरमारी अधिकाऱ्यांनींहि वाचला. इंग्लंडांत फ्रेड जेन या लेखकानें १८९८ सालीं आरमारी लढाईचा एक खेळ काढला. त्याच वर्षीं जगांतील सर्व लढाऊ जहाजांची माहिती देणारा त्याचा ग्रंथहि निघाला. खेळास आंकडे लागतात, आणि आंकडे जमवितां जमवितां ग्रंथ होतो! त्याची परंपरा अद्याप चालू आहे. अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट याच्या १९४० सालच्या नियमांत तोफा, चिलखताची जाडी, वेग व वजन हीं एका सूत्रांत घालून प्रत्येक जहाजाचें मोल काढीत. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ सालीं लिव्हरपूल येथें कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स व आरमारी सेवेंतील तरुण स्त्रिया यांनीं फरशीवर असाच खेळ मांडून जर्मन पाणबुड्यांस तोंड देण्याच्या युक्त्या शोधल्या, आणि त्या शेंकडों अधिकाऱ्यांस शिकविल्या. तेव्हां समुद्रापासून दूर बसून फरशीवर समुद्र समजून घेणारे आम्हीच पहिले नव्हे.

आतां आंकड्यांकडे वळूं. प्रत्येक जहाजाविषयीं आम्हांस पांच गोष्टी हव्या होत्या: त्याचा आकार, त्याच्या तोफा, त्याचा वेग, त्यावरील माणसें, आणि वारा पडला असतां त्याची होणारी गति. मराठी आरमाराचीं मुख्य लढाऊ जहाजें दोन, गुराब व गलबत. या दोहोंचें नेटकें वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें १७६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत केलें आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणें गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित् तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची १५० टनांहून मोठी नसे. ती रुंद व उथळ बांधलेली असल्यामुळें थोड्या पाण्यांतहि चाले. तिची नाळ पुढें लांब निघालेली असे, आणि नाळेवरून मारा करण्यास नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा असत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी असत.

गलबत याहून लहान. मोठ्यांतलें मोठें गलबतहि सत्तर टनांपलीकडे क्वचितच जाई. त्यास एक भलें मोठें तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्हीं असत. लहान गलबतांवर चिरलेल्या बांबूंची हलकी पाटण व कांठावर फिरते जंबुरे असत. मोठ्यांवर मात्र दोन ते चार पौंडी अशा सहा किंवा आठ तोफा चढवीत. वल्ह्यांनीं तें ताशीं चार मैल जाई.

हें वर्णन वाचून मुलें म्हणालीं, "आतां झालें!" परंतु काम येथें संपत नाहीं, येथें सुरू होतें. ताशीं चार मैल म्हणजे फरशीवर किती? आम्हीं असें ठरविलें कीं, खेळांतील एक डाव म्हणजे तीन मिनिटें, व फरशीवरील एक इंच म्हणजे ५० यार्ड. चार मैलांचे ७,०४० यार्ड होतात. तीन मिनिटें हा तासाचा विसावा भाग. म्हणून एका डावांत ३५२ यार्ड, अर्थात् सुमारें सात इंच. झालें, गलबताचें वल्ह्यांचें पाऊल सात इंचांचें ठरलें. बारा फुटांची फरशी म्हणजे सुमारें चार मैलांचा समुद्र झाला. लोणारच्या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. तें विवर या फरशीवर सव्वातीन फुटांत मावतें, असें दाखवितांच प्रमाण म्हणजे काय हें मुलांच्या चटकन् ध्यानीं आलें. एकानें लगेच शंका काढली कीं, मग आपलें तीन इंची जहाज दीडशें यार्ड लांब झालें! शंका बरोबर होती. म्हणून अंतर मोजतांना जहाजाच्या टोंकापासून न मोजतां मधल्या डोलकाठीपासून डोलकाठीपर्यंत मोजावें, असा नियम केला.

तोफांचेंहि असेंच. गुराबेच्या नाळेवर बारा पौंडी दोन तोफा धरल्या, तर समोरचा मारा चोवीस पौंडांचा होतो. नऊ पौंडी धरल्या, तर अठरांचा. गलबताचा एका बाजूचा मारा कमींत कमी सहा व जास्तींत जास्त सोळा पौंडांचा येतो. यांतला कोणता आंकडा घ्यावयाचा? आम्हीं दोन्ही लिहिले. जेथें साक्षीदारच "इतकें ते इतकें" असें सांगतो, तेथें आपण एकच आंकडा लिहून नसलेली खात्री दाखवूं नये.

जहाजांच्या संख्येपाशीं तर मोठीच अडचण आली. सर जदुनाथ सरकार यांनीं दाखविल्याप्रमाणें मराठी बखरी शिवाजीमहाराजांचीं ४०० जहाजें होतीं व त्यांचे दोनशें-दोनशेंचे दोन सुभे होते असें सांगतात. पण इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांत तो आंकडा १६० च्या वर जात नाहीं, व बहुधा ६० च असतो. वर्गांत लगेच दोन पक्ष पडले. आम्हीं विचारलें, "कोण काय मोजीत होता, याचा विचार केलात काय?" बखरकार कदाचित् सर्व बंदरांतलीं लहानमोठीं तारवें एकत्र धरीत असेल. वखारवाला एका वेळीं समोर दिसलेलीं तेवढींच मोजीत असेल. दोघेहि खोटें बोलत नसतील, आणि दोघांचाहि आंकडा एकमेकांस लागू पडत नसेल.

अधिकृत कागदावरचा आंकडासुद्धां डोळे मिटून घेतां येत नाहीं, याचें एक गमतीचें उदाहरण आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या ५०० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजावर धर्मोपदेशक ठेवावा, असा नियम होता. त्याचा परिणाम असा झाला कीं, अठराव्या शतकांत पुष्कळ वर्षें कंपनीचीं जहाजें कागदोपत्रीं ४९९ टनांचीं दाखविलीं जात! समुद्रावर एवढीं एकसारखीं जहाजें तरतीं काय? हें ऐकून मुलें खूप हंसलीं. पण कोणता आंकडा कोणाच्या सोयीसाठीं लिहिला गेला, हें विचारावयास तीं तेव्हांपासून शिकलीं. आम्हीं कोष्टकास आणखी दोन रकाने जोडले: "कोणीं सांगितलें" व "विश्वास किती".

एक प्रसंग येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मराठी बाजूचें कोष्टक ज्या विद्यार्थ्याकडे होतें, त्यानें सर्व गलबतांवर बारा पौंडी तोफा लिहिल्या होत्या. "हा आंकडा कोठें सांपडला?" असें विचारतां तो बराच वेळ खालीं पाहात उभा राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, आपलीं जहाजें लहान होतीं असें लिहावयास मला बरें वाटेना." आम्ही त्याच्यावर रागावलों नाहीं. त्याची लबाडी प्रेमापोटीं होती, आणि असली लबाडी मोठमोठ्या माणसांच्या हातूनहि होते. आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, दोन्हीं कोष्टकांवर एकेक लढाई खेळून पाहूं.

फुगविलेल्या आंकड्यांवर मराठे लगेच जिंकले. पण त्या जिंकण्यांत करण्यासारखें कांहींच नव्हतें. मग खऱ्या आंकड्यांवर खेळ मांडला. लहान गलबतें मोठ्या जहाजाच्या बाजूस गेलीं कीं बुडत. तीन वेळां हार खाल्ल्यावर तोच विद्यार्थी ऑर्मचें वर्णन पुन्हां काढून वाचूं लागला. त्यांत आंग्र्यांच्या आरमाराची रीत दिली आहे: वारा पडला म्हणजे गलबतांनीं वल्हीं मारून गुराबा ओढीत न्यावयाच्या; शत्रूच्या पिछाडीस राहून नाळेवरच्या तोफांनीं दुरून त्याच्या डोलकाठ्या पाडावयाच्या; आणि जहाज पांगळें झालें कीं चोहोंकडून गलबतें भिडवून तरवारी उपसून वर चढावयाचें. फांशावर वारा पडला तेव्हां त्यानें हेंच केलें. शिडांवर अवलंबून असलेलें मोठें जहाज जागच्या जागीं खिळून राहिलें, आणि सात-सात इंच सरकणाऱ्या गलबतांनीं त्यास गांठलें. सगळा वर्ग टाळ्या पिटूं लागला. रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत फार मोठीं जहाजें न बांधतां मध्यम बांधावींत, आणि पांच गुराबा व पंधरा गलबतें यांचा एक सुभा करावा, असें कां सांगितलें आहे, तें त्या दिवशीं मुलांस न शिकवितां समजलें.

यापुढें आम्ही खांदेरीची लढाई खेळलों. ता. १८ ऑक्टोबर १६७९ रोजीं दौलतखानाच्या हाताखालीं मराठ्यांच्या सुमारें साठ नौका इंग्रजांच्या आठ नौकांवर चालून गेल्या. त्यांपैकीं डव्ह नांवाची गुराब मराठ्यांनीं पकडली. परंतु रिव्हेंज नांवाचें जहाज नेटानें लढलें, व इंग्रजांच्या सांगण्याप्रमाणें मराठ्यांचीं पांच गलबतें बुडालीं. बुडालेल्या जहाजांचे गुण मोजले तर मराठे हरले. पण लढाई कशासाठीं होती? खांदेरीच्या बेटावर किल्ला उभा राहूं नये यासाठीं इंग्रज तेथें होते. आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्रीं उथळ पाण्यांतून निसटून बेटावर सामान पोंचवीतच राहिल्या. पुढें १६८० च्या आरंभीं इंग्रज माघारी गेले व खांदेरी मराठ्यांकडे राहिली. म्हणून आम्हीं नियम बदलला: गुण जहाजें बुडविण्याचे नव्हेत, बेटावर रसद पोंचविण्याचे. पांच गलबतें बुडालीं हा आंकडा मात्र कोणीं खोडला नाहीं. त्याच विद्यार्थ्यानें तो आपल्या हातानें लिहिला.

आमच्या कोष्टकाचें शेवटचें पान दुःखाचें आहे. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गावर हल्ला केला. तेथें तुळाजी आंग्र्यांचें आरमार एका ठिकाणीं गर्दीनें नांगरलेलें होतें. इंग्रजांकडून पूर्वीं पकडलेल्या एका जहाजास आग लागली, ती पसरत गेली, आणि पाऊणशें वर्षांहून अधिक काळ कोंकणचा दर्या राखणाऱ्या परंपरेचा मोठा भाग थोड्या तासांत जळून गेला. पेशव्यांनींच त्या स्वारींत इंग्रजांस साह्य केलें होतें, हेंहि आम्हीं कोष्टकाखालीं लिहिलें. तें लिहितांना वर्गांत कोणी बोललें नाहीं.

ता. २ सप्टेंबर २०२२ रोजीं भारतीय नौदलास नवें निशाण मिळालें. त्यांतील अष्टकोन शिवाजीमहाराजांच्या मुद्रेवरून घेतला आहे. तें चित्र आमच्या कोष्टकाच्या वहीवर एकानें सुबक काढलें आहे. पण वहीच्या आंतलीं पानें आम्हांस त्याहून अधिक मोलाचीं वाटतात. ज्यांनीं वल्हीं मारलीं, ज्यांनीं जहाजें बांधलीं व जे समुद्रांत बुडाले, त्यांचीं नांवें बहुतेक कोणी लिहून ठेविलीं नाहींत. त्यांचा मान राखण्याचा आपल्या हातीं असलेला मार्ग एकच: त्यांच्याजवळ जें होतें तें तेवढेंच लिहावें. त्यांनीं थोड्या साधनांत काय केलें हें तेव्हांच दिसतें. आपण त्यांच्या हातीं नसलेल्या तोफा दिल्या, तर त्यांचें शौर्यच आपण त्यांच्यापासून काढून घेतों.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, आपला मुलगा किंवा मुलगी फरशीवर धांड्यांचीं जहाजें मांडून बसलेलीं दिसलीं, तर तीं वेळ दवडीत आहेत असें समजूं नये. जवळ बसावें, व "हा आंकडा कोठून आणलास?" एवढेंच विचारावें. उत्तर आलें तर कौतुक करावें. न आलें तर तें शोधावयास त्यांच्याबरोबर जावें.